किंडल जरूर घ्या, पुस्तके मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नका

प्रति,
संपादक, वाचकांची पत्रे

महोदय,

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की ‘ई-आवृत्ती किंडलवर उपलब्ध’ ही ओळ जाहिरातींत दिसू लागते. त्याच सुमारास ‘किंडल घ्यावं का हो?’ हा प्रश्नही वाचनालयाच्या काउंटरपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत फिरू लागतो. माझे उत्तर ‘घ्या’ असेच आहे, पण त्या ‘घ्या’ला अलीकडे शेपूट जोडावे लागते आणि ते वर्षागणिक लांबत चालले आहे. ई-पुस्तके वाचायच्या ॲमेझॉनच्या या यंत्रावर जीव आहे आणि कंपनीच्या वागण्याचा रागही आहे. दोन्हींना कारणे आहेत, आणि ती तपशिलात शिरल्याशिवाय कळत नाहीत. पत्र लांबले आहे. कात्री आपल्या हाती.

आधी यंत्राचे देणे मान्य करू. मोबाइलचा पडदा मागून दिवा लावून अक्षरे दाखवतो. किंडलच्या ई-इंक पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येकीत उलटसुलट विद्युतभाराचे काळे-पांढरे कण असतात. विजेचा दाब बदलला की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. पान एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, उलटताना तेवढी लागते. ‘पेपरव्हाइट’ या किंडलच्या मॉडेलमधले दिवे कडेला बसवलेले असतात आणि त्यांचा उजेड पडद्यावर पडतो, डोळ्यांत नाही. भर दुपारी एसटीच्या खिडकीशी बसून वाचता येते ते त्यामुळे.

मराठी वाचकासाठी पडद्याचा आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे: इंचाला ३०० ठिपके. साध्या किंडलला तो २०२२ च्या मॉडेलपासून मिळाला, त्याआधी १६७ होता. इंग्रजी १६७ वर निभावते. देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार आणि जोडाक्षरांची दाटी असते. लहान आकारात ‘ष्ट’ की ‘ष्ठ’, ‘द्ध’ की ‘द्घ’ हे १६७ वर अंदाजाने वाचावे लागते. जुने किंडल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने आधी हे पाहावे. चार्जिंगचे भोक यूएसबी-सी आहे का, हेही सोबत पाहावे. साध्या किंडलला ते २०२२ मध्ये आणि पेपरव्हाइटला २०२१ मध्ये मिळाले, त्यामुळे तेवढ्यावरून मॉडेल नवे की जुने हे पटकन ओळखता येते.

बॅटरीबद्दल मात्र जाहिरात नीट वाचायला हवी. २०२१ च्या पेपरव्हाइटला ‘दहा आठवडे’ म्हटले होते, पण त्याची अट होती रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद आणि दिव्याचा उजेड १३ व्या पायरीवर. हिशेब केला तर ही पस्तीस तासांची बॅटरी झाली. रोज दोन तास वाचणाऱ्याची ती सतरा-अठरा दिवसांत संपेल. हे काही कमी नाही, पण दहा आठवडेही नाहीत. नवे किंडल दोन दिवसांत उतरते अशी तक्रार बरेच जण करतात. त्याचे कारण बहुधा बॅटरी नसते. एकदम शे-दोनशे पुस्तके भरली की किंडल प्रत्येकातला शब्द न् शब्द शोधासाठी नोंदवत बसते आणि त्यात वीज जाते. एखादी फाइल खराब असेल तर नोंदणी तिथेच अडकते आणि बॅटरी रोज रिकामी होत राहते. यावर उपाय सोपा आहे. शोधाच्या चौकटीत कुठल्याही पुस्तकात नसेल असा निरर्थक शब्द टाकावा. नोंदणी व्हायची राहिलेली पुस्तके असतील तर किंडल त्यांची यादी दाखवते. रात्रभर चार्जिंगला लावूनही एकच पुस्तक यादीत राहिले, तर ते काढून टाकावे आणि पॉवरचे बटण चाळीस सेकंद दाबून यंत्र पुन्हा सुरू करावे. त्यानंतर पुस्तके वीस-पंचवीसच्या टप्प्याने भरावीत.

लोकलने जाणाऱ्यांना एक सूचना. पडद्याचा वरचा थर प्लॅस्टिकचा असला तरी आतली बैठक पातळ काचेची असते. गर्दीत बॅगेतला डबा किंवा छत्रीची मूठ त्यावर दाबली गेली की वरून ओरखडाही दिसत नाही आणि आत उभ्या-आडव्या रेघा येतात. असा पडदा दुरुस्त होत नाही, आणि दाबाने झालेले नुकसान म्हणून वॉरंटीतही बसत नाही. मऊ पाउच पुरत नाही. पुढून कडक झाकण असलेले कव्हर घ्यावे आणि बॅगेत पडद्याची बाजू वहीकडे करून ठेवावे. पावसाची भीती मात्र कमी आहे. २०१८ पासूनचे पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर टिकेल असे प्रमाणित आहे. भिजले तर भोक पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये, एवढे पथ्य पाळले की झाले.

रागाचे पहिले कारण इथेच सुरू होते. हे पाणी अडवणारे सील आणि आत चिकटवलेली बॅटरी यांमुळे किंडल उघडणे अवघड झाले आहे. लिथियमची बॅटरी पाच-सहा वर्षांत थकते, हा काही कुणाचा दोष नाही. पण पडदा ठणठणीत आहे, पुस्तके आहेत, माणूस वाचायला तयार आहे आणि केवळ बॅटरीपायी यंत्र भंगारात जाते, हे पटत नाही. बाहेरचा कारागीर ड्रायरने गोंद सैल करून यंत्र उघडतो आणि बॅटरी बदलून देतो. हे होऊ शकते, पण त्यानंतर पाण्यापासूनचे संरक्षण संपले असेच धरावे. अधिकृत ठिकाणी ठरल्या दराने बॅटरी बदलून मिळावी, ही मागणी अवाजवी नाही. तोवर वाचकाच्या हातात एवढेच आहे की किंडल शून्यावर आणून महिनोन् महिने खणात टाकू नये. ठेवायचेच असेल तर निम्मे चार्ज करून, विमान मोड लावून ठेवावे. पूर्ण उतरलेले यंत्र जागे व्हायला कधी कधी कित्येक तास चार्जर लावून ठेवावा लागतो, आणि काही वेळा ते उठतच नाही.

किमतीवर फार शाई घालवत नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये किंडल भारतात आले तेव्हा साधे यंत्र ६,९९९ रुपयांना होते. २०२४ मध्ये जगात नवी मालिका आली, त्यातले पेपरव्हाइट भारतात पोचायला एप्रिल २०२५ उजाडले आणि किंमत होती १६,९९९. मधल्या काळात ‘सध्या उपलब्ध नाही’ ही पाटी पाहायची सवय झाली. पानाला बटणे असलेले ओॲसिस तर बंदच केले. एका हाताने धरून वाचणाऱ्या, बोटांत जोर नसलेल्या ज्येष्ठांना त्याची खरी गरज होती.

आता मराठीकडे येतो. १ डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे विकली जाऊ लागली. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम त्याच दिवशी आल्या. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला रात्री बारा वाजता मराठी पुस्तक मिनिटभरात यंत्रावर मिळते, ही सोय मोठी आहे. त्याचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे. पण पुस्तक उघडल्यावर जे दिसते त्यात बऱ्याचदा डोळ्याला खडे लागतात, आणि तो दोष यंत्र, प्रकाशक आणि फाइल तयार करणारा यांच्यात वाटला गेलेला आहे.

मराठी प्रकाशकांकडची जुनी पुस्तके श्रीलिपीसारख्या प्रणालींत जुळवलेली आहेत. त्यांत मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. ई-पुस्तकासाठी हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य संकेतात, न्यावा लागतो आणि इथेच गळती होते. सगळ्यात आधी बळी जातो तो ‘दुसऱ्या’मधला आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह लावून. फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना काही साधने हे अदृश्य चिन्ह कचरा समजून पुसून टाकतात. मग ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ चक्क ‘दर्या’ होऊन बसतात. पुस्तकभर हेच. ‘ॲ’चेही तसेच आहे. त्याला २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, पण ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवलेल्या फायलींत चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. छापण्याआधी मुद्रिते तपासणारा प्रकाशकही ई-आवृत्तीची मुद्रिते तपासत नाही, हे यातून दिसते. फाइल चढवण्यापूर्वी ‘र्या’ आणि ‘र्ह’ या दोन जोड्या शोधून प्रत्येक ठिकाणी नजर टाकली तर यातल्या बहुतेक चुका तासाभरात निघतात.

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. महाराष्ट्र शासनाने १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे आकार म्हणून सांगितले आहेत. किंडलवर मात्र कित्येक मराठी पुस्तके हिंदी वळणाच्या ल-श मध्ये दिसतात. काही टंकांत (फॉन्टमध्ये) दोन्ही आकार असतात, पण फाइलमध्ये भाषेच्या रकान्यात ‘एमआर’ म्हणजे मराठी लिहिले असेल तरच मराठी आकार निवडला जातो. तिथे हिंदी लिहिले किंवा रकाना कोरा सोडला की आपोआप हिंदी वळण येते. हे काम एका ओळीचे आहे, तरी होत नाही.

तिसरी गोष्ट ओळींची. मराठीत प्रत्यय जोडून शब्द लांबतात. ‘शिकवणाऱ्यांसाठीसुद्धा’ असा शब्द सहा इंची पडद्यावर, मोठ्या अक्षरांत, ओळीत मावत नाही. दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या नादात उरलेल्या शब्दांमध्ये बोटभर फटी पडतात. यावर वाचकाने स्वतः करण्यासारखा उपाय आहे: पानाच्या वरच्या भागात टिचकी मारून ‘एए’ उघडावे, लेआउटमध्ये मजकूर डावीकडून लावण्याचा पर्याय निवडावा आणि समास सर्वांत लहान करावा. ओव्या-अभंग वाचणाऱ्यांनी शिवाय यंत्र आडवे धरावे, नाहीतर प्रत्येक चरण मोडून दोन ओळींत जातो.

दुकानाबाहेरून मिळालेली पुस्तके किंडलवर कशी न्यायची, हा यंत्राचा खरा मोठेपणा आहे आणि तो पुष्कळांना माहीतच नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठानचीही आहेत. मात्र यातले पुष्कळसे पीडीएफ स्वरूपात आहे आणि पीडीएफ ही किंडलची दुखरी नस. डेमी आकाराच्या पुस्तकातला छापील मजकूर साधारण सात इंच उंच धरला, तर सहा इंची किंडलचा पडदा उंचीला ४.८ इंच भरतो. पान पूर्ण दाखवायचे तर अक्षर दोनतृतीयांश होते. बारा पॉइंटचे आठ. ६.८ इंची पेपरव्हाइटवर तेच साडेनवाच्या आसपास राहते आणि वाचता येते. पीडीएफसाठी किंडल घेणाऱ्याने म्हणून सहा इंची घेऊ नये.

पीडीएफमधला मजकूर मोकळा करून घेता येईल का, हे ओळखायची एक खूण आहे. संगणकावर ती फाइल उघडून एक ओळ कॉपी करावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवावी. देवनागरी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, रूपांतर जमेल. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा आला तर ती जुन्या टंकातली आहे. ओळ निवडलीच गेली नाही तर ते नुसते पानांचे फोटो आहेत. शेवटच्या दोन प्रकारांत किंडलला रूपांतर करायला सांगण्यात अर्थ नाही. पांढरे समास कापून, यंत्र आडवे धरून वाचावे.

इपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या सर्वसामान्य स्वरूपातली फाइल असेल तर मात्र मजा आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. पुस्तक त्यात टाकून माहितीच्या रकान्यात भाषा मराठी करावी. मग रूपांतराच्या चौकटीत ‘लुक अँड फील’मधल्या फॉन्टच्या भागात ‘एम्बेड फॉन्ट फॅमिली’ समोर मराठी वळणाचा टंक द्यावा. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ मोफत मिळतो. इपबमधून पुन्हा इपबच काढावे आणि ‘सेंड टू किंडल’च्या वेबपानावरून चढवावे. तिथे २०० एमबीपर्यंतची फाइल चालते, ईमेलने ५० एमबीपर्यंतच. ईमेलने पाठवायचे असेल तर आपला पत्ता खात्याच्या मंजूर यादीत आधी घालावा लागतो, नाहीतर पुस्तक पोचत नाही. ‘ई९९९’ अशी चूक येऊन फाइल परत आली तर पहिला संशय भाषेच्या कोऱ्या रकान्यावर घ्यावा. यंत्रावर पोचल्यावर फॉन्टमध्ये ‘पब्लिशर फॉन्ट’ निवडला की आपला टंक दिसतो. एवढी मोकळीक देणारी कंपनी स्वतः विकलेल्या पुस्तकांबाबत मात्र मूठ आवळत चालली आहे, हे नवल आहे.

२६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संकेतस्थळावरून आपल्या संगणकावर उतरवता येत होती आणि केबलने किंडलवर नेता येत होती. ती फाइल त्या एका यंत्रापुरतीच बांधलेली असे, पण निदान आपल्या डिस्कवर असे. त्या दिवसापासून ही सोय काढून टाकली. आता पुस्तक फक्त वाय-फायने, कंपनीच्या सर्व्हरवरून, कंपनीच्या यंत्रावर किंवा ॲपमध्ये येते. ज्यांच्या जुन्या किंडलचे वाय-फाय गेले आहे त्यांना दुकानातून घेतलेले नवे पुस्तक भरायचा मार्गच उरला नाही. नियम-अटींत पूर्वीपासून लिहिलेले आहे की किंडलवरचा मजकूर विकला जात नाही, तो वापरायचा परवाना दिला जातो आणि परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आजोबांच्या कपाटातली पुस्तके नातवाला मिळतात. त्यांच्या किंडल खात्यातली, अटींचे अक्षर पाळायचे तर, मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाने कायदा केला तेव्हा, २०२५ पासून, अमेरिकेतल्या दुकानात खरेदीच्या बटणाजवळ ‘तुम्ही परवाना घेत आहात’ असे लिहिणे भाग पडले. आपल्याकडेही ते किमतीच्या शेजारी, ठळक आणि मराठीत असावे. ॲमेझॉनचे भारतीय दुकान २०२१ पासून मराठीत आहेच, भाषेची अडचण नाही.

यात घाबरण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारेल. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके लोकांच्या किंडलवरून रातोरात नाहीशी झाली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, ही चूक दुकानाची. पैसेही परत दिले. पण ग्राहकाच्या यंत्रात शिरून पुस्तक उचलून नेता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, ती मोकळ्या मनाची होती. त्याहून बोलके उदाहरण चीनचे आहे. तिथले किंडलचे पुस्तकांचे दुकान ३० जून २०२३ ला बंद झाले. घेतलेली पुस्तके उतरवून घ्यायला ३० जून २०२४ पर्यंत मुदत दिली होती. वर्षभर म्हणजे पुरेसा वेळ, सूचनाही रीतसर. तरी त्यानंतर ज्याचे यंत्र मोडेल त्याने काय करायचे? भारतात असे होणार आहे असे मला म्हणायचे नाही. पण एखाद्या देशातून दुकान उठू शकते आणि उठल्यावर ग्राहकाच्या हाती काय राहते, हे आता ठाऊक आहे.

म्हणून किंडल वापरणाऱ्याने काही गोष्टी सवयीने कराव्यात. विकत घेतलेली सगळी पुस्तके यंत्रावर उतरवून ठेवावीत, नुसती ‘लायब्ररीत दिसतात’ यावर विसंबू नये. यंत्र खात्यातून काढले की ती पुस्तकेही जातात, हे विकताना किंवा देऊन टाकताना लक्षात ठेवावे. अधोरेखिते आणि टिपा ही तर वाचकाची स्वतःची मिळकत. ती ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरातल्या ‘माय क्लिपिंग्ज’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये साठतात. यंत्र संगणकाला जोडून तिची प्रत महिन्याला एकदा काढावी. २०२४ पासूनची मॉडेल्स संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत. विंडोजवर अडत नाही, मॅकवर कंपनीचे ‘सेंड टू किंडल’ घालून त्यातली यूएसबी फाइल मॅनेजरची खिडकी उघडावी लागते. एका पुस्तकातून किती भाग उतरवता येईल याची मर्यादा प्रकाशक ठरवतो. ती ओलांडली की फाइलमध्ये उताऱ्याऐवजी मर्यादा संपल्याची सूचना येते. संशोधन करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे, प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. परदेशी असणाऱ्यांनी भारतीय आणि अमेरिकी अशी दोन खाती करू नयेत. दोन खात्यांतली खरेदी एकत्र करता येत नाही. एकच खाते ठेवून देश बदलण्याची सोय वापरावी. किंडल अनलिमिटेडची पुस्तके ही भाड्याची, एका वेळी वीसपर्यंत, आणि वर्गणी थांबली की परत. त्यांना संग्रह समजू नये.

घेण्याआधी एक गोष्ट पाहता येते. पुस्तकाच्या पानावर तपशिलात ‘सायमल्टेनियस डिव्हाइस यूसेज’ समोर ‘अनलिमिटेड’ लिहिलेले असेल तर त्या पुस्तकाला डिजिटल कुलूप नाही. कुलूप लावायचे की नाही हे कंपनी ठरवत नाही. कंपनीच्या ‘केडीपी’ या स्वयंप्रकाशन सेवेतून पुस्तक चढवताना तो पर्याय लेखक-प्रकाशकासमोर येतो. आपल्याकडे बहुतेक जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. पायरसीची भीती खरी आहे, पण मराठी पुस्तकांच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात त्या छापील प्रतीच्या पानांचे फोटो असतात. कुलपाचा काच होतो तो पैसे मोजणाऱ्यालाच.

लेखक-प्रकाशकांचा पेचही समजून घ्यायला हवा. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावे लागते, आणि त्या योजनेची अट अशी की नव्वद दिवस ती ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही विकायची नाही. योजनेत नसेल तर ३५ टक्के. म्हणजे लेखकाने ‘बुकगंगा’ या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरही ई-पुस्तक ठेवायचे ठरवले तर किंडलवरचे त्याचे उत्पन्न निम्म्यावर येते. अमेरिकेतल्या विक्रीला ही अट नाही, भारतातल्या विक्रीला आहे. ज्या भाषेचा ई-बाजार आधीच चिमुकला, तिथे ही अट वाचकाचा दुसरा दरवाजा बंद करते. कंपनीने भारतीय भाषांपुरती तरी ती काढावी. वर छापील पुस्तकाला वस्तू-सेवा कर शून्य आणि त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीला पाच टक्के, हे सरकारचे कोडे वेगळेच. बुकगंगाची ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमध्ये वाचावी लागतात, तेव्हा कुलूप तिथेही आहे आणि वर मोबाइलचा पडदा. त्यामुळे कंपनीवर रागावून किंडल सोडून जावे असे ठिकाण मराठी वाचकाला आज तरी सहज सापडत नाही.

इतक्यात एक बरी गोष्ट घडली आहे. २० जानेवारी २०२६ पासून, स्वयंप्रकाशन सेवेतल्या ज्या पुस्तकांना कुलूप नाही, त्यांची इपब आणि पीडीएफ प्रत विकत घेणाऱ्याला उतरवता येईल अशी सोय कंपनीने केली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जे काढून घेतले त्याहून ही चांगली आहे, कारण ही फाइल कुठल्याही यंत्रावर उघडते. मेख एवढीच की पूर्वी चढवलेल्या पुस्तकांना ती आपोआप लागू होत नाही. लेखक-प्रकाशकाने आपल्या खात्यात जाऊन त्या पुस्तकासाठी पर्याय बदलून पुन्हा प्रकाशित करावे लागते. दिवाळी अंकांच्या संपादकांनी आणि ज्यांची पुस्तके आधीच किंडलवर आहेत अशा प्रकाशकांनी हे काम अंक छापखान्यात जाण्याआधी उरकून घ्यावे. फाइल नव्याने चढवणारच असाल तर भाषेच्या रकान्यात मराठी आहे ना आणि ‘र्या’चा शोध घेतला ना, तेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

आपला,
एक जुना किंडल-वाचक, ठाणे